सोडून गेलेल्यांची मोजणी

पिंजणखोलीत बायका चौदा होत्या आणि आवाज एकीचाच होता. तो मुकादमिणीचा.

तिची शाळा दुसरीत संपली होती आणि गाद्यांच्या या कारखान्यात तिनं सव्वीस वर्षं काढली होती. तिच्या मते दोन्हींत फारसा फरक नव्हता, फक्त इथे छडी तिच्या हातात होती. खोली तळमजल्यावर, मागच्या अंगाला. मधोमध कापूस पिंजायचं यंत्र. एका तोंडातून त्यात गठ्ठे जायचे, दुसऱ्या तोंडातून ढग बाहेर पडायचे. दोन्ही बाजूंच्या टेबलांवर बायका उशांच्या खोळी भरायच्या. खिडकी एकच आणि तीही कायमची बंद, कारण वारा आला की कापूस उडतो. संध्याकाळी सुटी झाली की सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. "आत तरण्या जातात, बाहेर म्हाताऱ्या येतात," हा विनोद मुकादमिणीचाच, आणि दर आठवड्याला ती तो नवा असल्यासारखा सांगायची.

वरच्या मजल्यावर शिवणखोली होती. तिला रस्त्याकडे पाच खिडक्या. तिथे काम मिळवायचं तर ऑर्डरची चिठ्ठी वाचता यायला हवी. ज्यांना अक्षर येत नाही त्या खाली. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणी विचारलंही नव्हतं.

मुकादमिणीची सून मात्र सातवी झालेली. तिला वर हसत जागा मिळाली असती. पण "घरची पोर माझ्या डोळ्यांपुढे बरी" म्हणून सासूनंच तिला खाली आणलं आणि बारा नंबरचा एप्रन तिच्या गळ्यात घातला. त्याला आठ महिने झाले होते. गेले दोन महिने सून खोकत होती.

"पाणी पी," मुकादमीण म्हणायची. "घरात ऊन येत नाही, दमट हवा, त्यानं होतं. आणि जरा अंग वाकवून काम कर, खोकायला वेळच मिळणार नाही."

खोकणाऱ्या प्रत्येक बाईला तिनं आजवर हेच औषध दिलं होतं.

आरोग्य खात्याची तपासनीस आली ती एका मंगळवारी. पोरगीच होती, खांद्यावर पिशवी, हातात फुंकायची नळी. नळीत जोरात फुंकलं की आतला काटा सरकायचा. तिनं एकेकीला बोलावून फुंकायला लावलं आणि प्रश्न विचारले.

"मावशी, खोकला?"

"मला? माझ्या आवाजानं भिंतीचे पोपडे पडतात, विचार कुणालाही."

"सुटीनंतर सोमवारी कामावर आलं की छाती आवळल्यासारखी वाटते?"

"सोमवारी माझी जीभ सुटते, बाई. छातीचं काही नाही."

हे खोटं होतं. गेली चार वर्षं दर सोमवारी दुपारी छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं, आणि भरलेल्या उशा वर न्यायच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती चपलेचा पट्टा नीट करायला वाकायची. पट्टा नीटच असायचा. बुधवारपर्यंत छाती मोकळी व्हायची, म्हणून तिनं ते वयाच्या नावावर टाकलं होतं. बाकीच्या बायकांनीही मुकादमिणीच्या तोंडाकडे बघत बघत "नाही, नाही" म्हटलं. ती शेजारीच उभी होती, दुसरं काय म्हणणार?

सुनेला मात्र खोटं बोलता आलं नाही. नळी तोंडाला लावली आणि तिला उबळ आली.

"चौदात एक," तपासनिशीनं लिहिलं. "खोली ठीक दिसते."

"दिसणारच. माझी आहे."

"पण यांना हे काम थांबवावं लागेल. मी चिठ्ठी देते."

चिठ्ठी म्हणजे काय ते खोलीला ठाऊक होतं. चिठ्ठी मिळालेली बाई घरी जायची आणि तिच्या जागी दुसऱ्या दिवशी नवी उभी असायची. पण मुकादमीण घाबरली ती कामासाठी नाही. आठ महिन्यांपूर्वी घरचा जिना पळत चढणारी ही पोर आता पाण्याची बादली दोनदा खाली टेकवत होती. आणि तिला इथे आणणारी कोण, हे सांगायला तिसऱ्या माणसाची गरज नव्हती.

घाबरली की मुकादमीण चिडायची. तिनं सुनेच्या गळ्यातला एप्रन ओढून काढला आणि खुंटीवर आपटला.

"हा बारा नंबरच मेला अवलक्षणी! जी घालते ती खोकत जाते."

तपासनीस पिशवी आवरत होती. तिचे हात थांबले. "आधी कुणी घातला होता?"

"हिच्या आधी गाणारी. सारखी गायची म्हणून गाणारी. तिच्या आधी लांबडी. तिच्या आधी चिमणी, ती तर वर्षभरही नाही टिकली."

"आणि अकरा नंबर?"

"अकरावर आधी दोघी होत्या. एकीचं लग्न झालं, एक खोकत गेली. दहावर..." मुकादमिणीला वाचता येत नसलं तरी तिच्या डोक्यात खुंट्या ओळीनं लागलेल्या होत्या. ती बोलत गेली, पोरगी लिहीत गेली. पाच वर्षांत सतरा बायका सोडून गेल्या होत्या.

"यातल्या किती खोकल्यामुळे?"

"बऱ्याचशा. नाजूक होत्या. या कामाला दणकट माणूस लागतं. दणकट तेवढ्या राहिल्या."

तपासनिशीनं आपण लिहिलेल्या 'चौदात एक'वर आडवी रेघ मारली. "मावशी, माझंच चुकलं. मी उभ्या राहिलेल्यांनाच मोजलं. तुमच्या खोलीत कुणी आजारी नाही, कारण आजारी पडलेली बाई खोलीत उरतच नाही."

मुकादमिणीनं आपटलेला एप्रन खुंटीवर नीट लावला. तिनं आपटलेली वस्तू तीच नीट लावते, हे सव्वीस वर्षांत पहिल्यांदा घडलं, आणि टेबलावरच्या बायकांनी ते कामाचं नाव करत डोळे भरून पाहिलं.

मग तिनं जुनं हत्यार काढलं. "त्यांची घरं दमट. नवरे घरात बिड्या ओढतात. खाण्याचे हाल. त्यानं खोकला होतो, कापसानं नाही."

"असेल. पण शिवणखोलीतल्या बायका कुठे राहतात?"

"इथेच. याच गल्ल्यांत."

"मग त्यांचीही घरं दमटच. घरामुळे होत असेल तर त्याही तेवढ्याच खोकायला हव्यात. वर मोजू, खाली मोजू, सोडून गेलेल्याही मोजू. मग कळेल. फक्त मला त्यांची घरं माहीत नाहीत."

"मला आहेत," मुकादमीण बोलून बसली.

सून चिठ्ठी घेऊन घरी बसली आणि बारा नंबर मुकादमिणीनं तूर्त कुणाला घालू दिला नाही. पुढच्या तीन सुट्या ती आणि तपासनीस गल्ल्या पालथ्या घालत फिरल्या. लांबडी एका दुकानात झाडझूड करत होती, मध्ये मध्ये झाडूवर टेकून. चिमणीनं दार उघडलं, मुकादमिणीला पाहिलं आणि सवयीनं हात एप्रनला पुसावेत तसे पोटाला पुसले. सगळ्याच खोकत नव्हत्या. लग्न होऊन गेलेली मजेत होती, दोघींना दुसरीकडे बरं काम मिळालं होतं. तपासनीस त्यांनाही तितक्याच बारकाईनं लिहून घ्यायची.

"हिला काय झालंय? घोड्यासारखी आहे. हिच्यापायी शाई कशाला?" मुकादमीण कुरकुरली.

"खोकणाऱ्याच तेवढ्या गोळा केल्या तर आपणच खोटं बोलल्यासारखं होईल ना, मावशी? किती आजारी, हे एकटं काही सांगत नाही. कितींपैकी किती, ते सांगतं."

गाणारीचं घर मुकादमिणीनं शेवटी ठेवलं होतं. तिला तिनं सगळ्यांसमोर घालवलं होतं. "गाताना दम लागत नाही, काम करतानाच लागतो होय गं तुला?" असं म्हणून.

गाणारी पलंगाला उशा लावून बसून होती. उठली नाही.

"या. नाजूक बायकांच्या घरी पायधूळ झाडायला आलात?"

"तोंड अजून शाबूत आहे तुझं."

"तेवढंच राहिलंय. गाणं गेलं." ती थांबली, दोन श्वास घेतले. "ही कोण?"

तपासनिशीनं सगळं सांगितलं. गाणारी ऐकत होती, पण बघत होती मुकादमिणीकडे.

"फुंकते. पण आधी हिचं लिही."

"माझं लिहिलंय. मला काही नाही," मुकादमीण म्हणाली.

"जिन्यावर तिसऱ्या पायरीला चपलेचा पट्टा कोण नीट करतं, दर सोमवारी? मी तुझ्या मागेच असायचे गं. तुझा मान राखायला मीही थांबायचे. आणि मला दम लागला तेव्हा तू काय म्हणालीस?"

मुकादमिणीनं आयुष्यात नवरा, सासू, मालक, कुणापुढेच माघार घेतली नव्हती. तिनं पलंगाच्या कडेवर बैठक मारली, नळी हिसकावून घेतली आणि फुंकली. काटा अर्ध्यावर जाऊन थांबला.

"लिही," ती म्हणाली. "चार वर्षं. सोमवारी जास्त. मागच्या वेळी खोटं बोलले तेही लिही." मग गाणारीकडे न बघता, "आणि तुला बोलले ते चुकलं."

"काय? ऐकू नाही आलं."

"कान तर धड आहेत तुझे!"

गाणारी हसली. हसताना तिला उबळ आली, आणि मुकादमिणीनं ती ओसरेपर्यंत तिची पाठ चोळली.

सोमवारी तिनं यंत्र सुरू व्हायच्या आधी बायकांना गोळा केलं. "मला दम लागतो. सुनेलाही. आणखी कुणाला लागत असेल तर आज बोला. मी ओरडणार नाही." बायकांचा यावर विश्वास बसला नाही, पण तिघींनी हात वर केले.

तपासनिशीनं हिशेब मांडला. सतरापैकी पंधरा सापडल्या होत्या, दोघींचा पत्ता लागला नव्हता. त्या पंधरा आणि सुनेसकट खोलीतल्या चौदा मिळून एकोणतीस. त्यातल्या सोळा जणींना खोकला किंवा दम होता. शिवणखोलीत आताच्या आणि सोडून गेलेल्या मिळून सव्वीस, आणि तशा तीन. त्याच गल्ल्या, तीच दमट घरं, तेच बिड्या ओढणारे नवरे.

अहवाल खात्याकडे गेला. आठवड्याभरात मालकानं मुकादमिणीला वर बोलावलं, आणि खुर्ची दिली. खुर्ची बघूनच ती सावध झाली.

"बाई, तुमची सून शिकलेली आहे. उद्यापासून तिला शिवणखोलीत घेतो. खिडकीजवळची जागा देतो. तुम्ही फक्त खात्याच्या साहेबांना एवढं सांगा, की तुम्ही म्हातारं माणूस, आठवणीत गडबड झाली. जुन्या बायकांचं चुकून सांगितलंत."

तिच्या डोळ्यांसमोर बादली आली, दोनदा खाली टेकवलेली. सून खिडकीजवळ बसेल. यासाठीच तर तिनं हे सारं आरंभलं होतं. हो म्हणायला एक श्वास पुरला असता.

"आणि बारा नंबर कोण घालणार?" तिनं विचारलं.

"मिळेल कुणीतरी. फाटकाबाहेर रांगच असते."

"वाचता न येणारी."

"तसंही खाली वाचायचं काय असतं?"

मुकादमीण उठली. "मालक, माझ्या आठवणीवर जाऊ नका. तुम्ही पहिल्या दिवशी या कारखान्यात आलात तेव्हा शर्टाचं दुसरं बटण तुटलेलं होतं, तेही मला आठवतं. साहेबांना मी सतरावर आठवलेली अठरावीही सांगेन, पण एकही कमी नाही करणार. सुनेला वर घ्यायचं तर घ्या, ऑर्डरची चिठ्ठी तिला वाचता येते म्हणून घ्या. नाही घेतलं तर ती घरीच बसेल. पण त्या खुंटीवर नवी पोर चढवायच्या आधी यंत्राच्या तोंडावर धूळ ओढायचा पंखा बसवा. नाहीतर उद्या तेरा जणी फाटकाबाहेर रांगेत उभ्या राहतील, आणि आत तुम्ही एकटे पिंजत बसा."

खाली येऊन ती कामाला लागली. बायकांना तिनं काही सांगितलं नाही. सुनेला मात्र सांगितलं, आणि सून तीन दिवस घरात तिच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "आई, मी तुमच्या जागी असते तर हो म्हटलं असतं."

"मला माहीत आहे. म्हणून तर तुला विचारलं नाही."

पुढे खात्याचं पत्र आलं, साहेब आले, मालकानं डोळे वटारले आणि मग पाहणी करायला माणसं आणली. पंखा बसायला तीन महिने लागले. भिंतीला भोक पाडून नळा बाहेर काढला. बंद खिडकी उघडली आणि बाहेरून जाळी लावली. झाडायच्या आधी जमिनीवर पाणी शिंपडायचं ठरलं. पंखा इतका घरघरायचा की गप्पा ओरडून माराव्या लागायच्या आणि कुणाचंच गुपित राहिलं नाही. खोकला एकदम थांबला नाही. पण सोमवार हलका झाला, हे बायका आपणहून म्हणाल्या. सुनेला शिवणखोलीत जागा मिळाली, दोन-तीन महिने घरी बसल्यावर, खात्यानंच लिहिलं म्हणून. खाली ऑर्डरच्या चिठ्ठ्या आता दुपारी अर्धा तास वाचायला शिकवलं जायचं. शिकवायला सून यायची, आणि सगळ्यांत आडमुठी विद्यार्थिनी कोण हे सांगायला नको.

एका सुटीच्या दुपारी तपासनिशीचं पत्र घरी आलं. शहरातल्या बाकीच्या गादी कारखान्यांतही आता सोडून गेलेल्या बायका मोजायच्या ठरल्या होत्या. सून दारात बसून वाचत होती, लांबलचक वाक्यं, न थांबता. सासूचं अर्धं लक्ष अक्षरांवर होतं आणि अर्धं तिच्या श्वासावर. पान संपत आलं तरी उबळ आली नव्हती.

"...तुमच्या खोलीतल्या एकोणतीस बायकांच्या मोजणीमुळे..."

"थांब," मुकादमीण म्हणाली. "एकोणतीस नाही. तीस. पत्ता न लागलेल्या त्या दोघींतली एक काल बाजारात सापडली मला. कागद घे आणि तिला लिहून टाक."

"खोकते का ती?"

"छे! चांगली गरगरीत झालीये. काही म्हणजे काही नाही तिला." मुकादमिणीनं पेन शोधून सुनेच्या हातात दिलं. "तरीही लिही."