एकशे अठ्ठावीस अणू

बाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. जुन्या आलेखातली रेघ चढत चढत मध्येच टुणकन वर उडत होती. नव्या आलेखातली रेघ शहाण्या मुलीसारखी सरळ चढून गेली होती.

ती उडी बाईंची होती. हायड्रोजन दाबत गेलं की त्याचे रेणू फुटतात, इलेक्ट्रॉन मोकळे सुटतात आणि दाट प्लाझ्मा तयार होतो. हे हळूहळू होतं की एकदम, यावर अर्धं आयुष्य घालवलेली माणसं जगात आहेत. तीन हजार अंशांनाही ते एकदम होतं, घनतेत चक्क पायरी येते, असं सोळा वर्षांपूर्वी बाईंनी संगणकावर चौसष्ट अणू मांडून दाखवलं होतं. तेव्हापासून परिषदांमध्ये त्या ‘पायरीवाल्या बाई’. घरी सासूबाई म्हणत, हिला गुरू ग्रहाच्या पोटात काय आहे ते कळतं, फ्रिजमध्ये काय आहे ते कळत नाही.

नवीने पाचशे बारा अणू घेतले आणि पायरी नाहीशी झाली. नवी ही त्यांची सहकारी. खात्यात येऊन तीन वर्षं झाली तरी नाव ‘नवी’च. बाईंनी तिला तीन आठवडे पिळून काढलं. काळाचे टप्पे अजून बारीक कर, उलटीकडून सुरुवात कर, दाबलेला हायड्रोजन सैल सोडत ये. नवीने हूं की चूं केलं नाही. रेघ दर वेळी सरळच आली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे बाईंनाही कळत होतं. पण जिच्यावर चढून आपण इथवर आलो तीच पायरी कुणी निमूटपणे काढून नेत असेल, तर जिवाला लागतंच.

“मधला आकडा, एकशे अठ्ठावीस, तेव्हा करून पाहिला नव्हता का?” नवीने विचारलं.

“यंत्रात तेवढी ताकद कुठे होती.”

म्हणाल्या खऱ्या, पण दुपारभर मन थाऱ्यावर नव्हतं. शेवटी त्यांनी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. ऑगस्टच्या वहीत ते सापडलं. एकशे अठ्ठावीस अणू, संगणकावर अकरा दिवस चाललेला एक रन, सात आकडे. खाली त्यांच्याच अक्षरात शेरा होता: पायरी दिसत नाही. रन बिघडला आहे. वगळावा.

काय बिघडलं होतं ते बाई ओळीओळीने शोधू लागल्या. ऊर्जा स्थिर होती. तापमान जागच्या जागी होतं. कुठेच काही बिघडलं नव्हतं. पायरी दिसली नाही एवढाच काय तो गुन्हा. त्यांना लाज वाटली. आणि त्याहून जास्त नवल वाटलं, की हे आपण अगदी प्रामाणिकपणे विसरून गेलो होतो.

वही घेऊन त्या नवीच्या टेबलापाशी गेल्या आणि सात आकडे वाचून दाखवले. नवीने ते आलेखावर टाकले. सातही ठिपके तिच्या रेघेवर जाऊन बसले.

मग नवीने आपल्या पेपरचा मसुदा उघडला. जुन्या कामाविषयी तिने जपून एक वाक्य लिहिलं होतं, की त्या काळच्या संगणकांच्या मर्यादेमुळे अधिक अणू घेणं शक्य नव्हतं. बाईंनी ते खोडायला लावलं आणि दुसरं सांगितलं: एकशे अठ्ठावीस अणूंचं उत्तर मिळालं होतं, अपेक्षेशी जुळलं नाही म्हणून ते वगळण्यात आलं.

नवीने टाइप केलं, पुढे वर्ष घातलं आणि हात मागे घेतला.

“महिनाही घाल. ऑगस्ट.”

“बाई, वर्ष पुरे आहे. पायरीचा पेपरही त्याच वर्षीचा. हे आधीचं की नंतरचं, कुणी विचारणार नाही.”

“पेपर नोव्हेंबरात आला.”

“माहीत आहे मला.”

“मग लिही.”

नवीने महिना लिहिला. तो पडद्यावर उमटेपर्यंत बाई तिच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. मग त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली.

“आत अजून अकरा वह्या आहेत,” त्या म्हणाल्या. “त्या तू तपास. मी नको.”