निळ्या पट्ट्याआधीचे तीन राउंड

अकरा वाजता पट्टा मिळणार होता आणि हिरो साडेनऊलाच येऊन मॅटवर येरझाऱ्या घालत होता. हिरो म्हणजे खराच हिरो, पोस्टरवर एकट्याचं तोंड असलेला. पण गेली दोन वर्षं तो इथे जिउ-जित्सू, म्हणजे कुस्तीसारखी पकडापकडी, शिकायला यायचा, पांढरा पट्टा बांधून, आणि आज सर त्याला त्यावरचा निळा देणार होते. आता माणसाने खुश व्हावं की नाही? याचा जीव नुसता खालीवर.

का, तर परवाचं. परवा सरावात त्याने इथेच शिकणाऱ्या एका डेंटिस्टचा हात पकडला, कोपर उलटा ताणायला घेतला आणि तिने लगेच टॅप केलं. टॅप म्हणजे समोरच्याला दोनदा थोपटायचं: हरले, सोड. पण हात अजून सरळसुद्धा झाला नव्हता. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. हा मात्र आयुष्यभर खोट्या मारामाऱ्या करत आलेला. सेटवर फायटर नवखा असला की ठोसा पोचायच्या आधीच मान झटकतो, मग रीटेक. परवा अगदी तसंच. दुखायच्या आधीच दुखलं होतं.

डेंटिस्ट केस बांधत आत आली, तर याने दारातच गाठलं. "परवा मुद्दाम हरलीस?"

"सकाळी सकाळी काय काढलंयस?"

"हो की नाही?"

ती खाली बसली आणि पायाच्या बोटांना टेप गुंडाळायला लागली. मग म्हणाली, "सगळेच हरतो. तुझी मॅनेजर ताई विम्याचा कागद घेऊन आली होती. कुठलं ना कुठलं शूटिंग चालूच असतं, तोंडाला लागता कामा नये, विम्याचं लफडं होईल. सर म्हणाले, जरा सांभाळून घ्या. आता सांभाळून म्हणजे किती, ते ज्याने त्याने ठरवलं."

"दोन वर्षं?"

"सवय लागते रे."

सिनेमात याच्या उड्या डुप्लिकेट मारतो, गाणी दुसराच गातो, पोटावरचे स्नायूसुद्धा निम्मे मेकअपवाला रंगवतो. हे एकच काय ते स्वतःचं होतं.

"ऊठ," तो म्हणाला. "खरं खेळ."

"ताई मला फाडून खाईल."

"तिचे दात तुझ्याच हातात असतात ना?"

ती हसली, आणि मग हसायची थांबली. पहिला राउंड चाळीस सेकंद. याचीच कॉलर याच्याच गळ्याभोवती अशी आवळली की डोळ्यांपुढे काजवे चमकले, याने थोपटलं. दुसरा जेमतेम मिनिटभर, कोपर, थोपटलं. तिसऱ्यात ती छातीवर बसली. संपलंच होतं, पण याने तिचा पाय अडकवला, कंबर उचलली आणि कसा कोण जाणे, निसटला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा निसटला. पाच मिनिटांनी टायमर वाजला तेव्हा याचा ओठ फुटला होता, तिला धाप लागली होती आणि कुणीच थोपटलं नव्हतं.

दारात सर उभे होते, हातात निळा पट्टा. शेजारी ताई, मागे फोटोग्राफर.

"उद्या क्लोजअप आहे, गाढवा," ताई म्हणाली.

हिरो सरांकडे वळलाच नाही. डेंटिस्टला म्हणाला, "तू दिला असतास मला हा पट्टा?"

"नाही."

"निसटलो की."

"निसटता येतं तुला. दाबताना आम्ही कधी सूट दिली नाही, त्यात तोंडाला लागत नाही. पण संपवता येत नाही. येणार कुठून? तू तिथवर पोचायच्या आधीच आम्ही थोपटून मोकळे."

सरांनी पट्टा घडी करून खिशात घातला. "चूक माझी," एवढंच म्हणाले.

"अरे पण पोस्ट लिहून झालीय, बाराला जायचीय," ताई म्हणाली.

"पुसून टाक, ताई. तो कागदही फाड."

"आणि विमा?"

"वीस तारखेला हे शूटिंग संपतंय. एकवीसला मी इथे, बिनकागदाचा."

पण तोवर थांबवेना. तो डेंटिस्टसमोर गुडघ्यावर बसला. "हात दे. खरं कुठे दुखतं ते फक्त दाखव."

तिने हात दिला. त्याने ताणला, हळू, नेहमीच्या जागेपर्यंत आणला आणि थांबला.

"अजून," ती म्हणाली.

थोडा आणखी. त्याच्याच कपाळावर घाम.

"अजून. घाबरतोस काय."

मग तिने थोपटलं, जोरात, आणि त्याने दचकून सोडलं.

"एवढं?"

"एवढं," ती कोपर चोळत म्हणाली. "आता दुसरा हात घे."