कोपऱ्यातला अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी काचपेटी आहे. दुकानातल्या चकचकीत फिशटँकांच्या पंगतीत मला कोणी बसवणार नाही, कारण मी घरीच जन्मले. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दादाने काचा कापून आणल्या आणि सिलिकॉनने, म्हणजे वाळल्यावर रबरासारख्या होणाऱ्या लगद्याने, त्या सांधल्या. वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असा त्याचा हुकूम होता. पण त्याची धाकटी बहीण स्वस्थ बसेल तर शपथ! तिने आतल्या उजव्या कोपऱ्यात हळूच अंगठा टेकवला.

"हात लावू नकोस म्हटलं होतं ना!" दादा ओरडला.

"वाळलंय का बघत होते," ती म्हणाली आणि दिवसभर रुसून बसली.

अंगठ्याचा ठसा तसाच राहिला, अगदी रेषांसकट. मला मात्र त्याचा फार अभिमान होता.

मग माझ्यात पाणी आलं, हिरवी झुडपं आली, केशरी मासे आले. धाकटी रोज त्याच कोपऱ्यावर करंगळीच्या नखाने टकटक करी आणि मग खाणं टाकी. "काच वाजवू नकोस गं, मासे दचकतात," असं दादा दरवेळी बजावत असे. मासे कसले दचकतात? टकटक ऐकली की ते सगळे धावत येत. पाहुणे माझं कौतुक करत आणि दादा उगाच कॉलर सरळ करी.

एके दिवशी धाकटी आजारी पडली आणि दवाखान्यातून परत आलीच नाही. माशांना हे कोण सांगणार? ते रोज त्या कोपऱ्यात जमत आणि काचेला तोंड लावून वाट पाहत. दादाला ते बघवेना. त्याने मासे देऊन टाकले, मला कोरडं केलं आणि माळ्यावर चढवलं. ज्या पोटात मासे पोहले, त्या पोटात जुन्या चपला आणि वायरींचा गुंता! दैव म्हणतात ते हेच. अंधारात मला कधी कधी वाटे, कोपऱ्यात कोणीतरी नख वाजवतंय. उंदीर असेल, अशी मी मनाची समजूत घालत असे.

बऱ्याच वर्षांनी दादाच्या मुलीला मी सापडले. दादाचे केस तोवर पांढरे झाले होते. तिने मासे पाळायचा हट्ट धरला आणि नाही नाही म्हणत तो अखेर तयार झाला. त्याने मला अंगणात उतरवून घासलं. हात काही विसरले नव्हते. पाणी भरलं तेव्हा मात्र उजवा कोपरा झिरपू लागला. त्याने ठशाला धक्का न लावता भोवती नव्या लगद्याचं ठिगळ मारलं. पुन्हा तेच. पुन्हा ठिगळ, पुन्हा ओल.

"बाबा, जुन्यावर नवं चिकटत नाही, असं तूच सांगितलंस ना? मग तेवढंच का ठेवतोयस?"

शेवटी त्याने घड्याळदुरुस्तीचं बारीक पातं घेतलं आणि तो ठसा सोलून काढला. स्वतःच्या अंगठ्यावर ठेवून पाहिला. फार लहान होता तो. मला एवढं दुःख माळ्यावरही झालं नव्हतं.

नवा लगदा वाळला. पाणी भरून काही दिवस तसंच मुरू दिलं, मग मासे आले, कालपरवा जन्मलेले, धाकटीला कधीच न पाहिलेले. आणि दुसऱ्याच सकाळी ते सगळे उजव्या कोपऱ्यात काचेला तोंड लावून उभे राहिले.

"तिकडे काय आहे रे बाबा?" मुलीने विचारलं.

दादाचा चेहरा उतरला. मग तो गुडघे टेकून बसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने माझ्या काचेवर करंगळीच्या नखाने टकटक केली. एकही मासा दचकला नाही.

"रागावू नकोस गं," तो कोपऱ्याकडे बघून पुटपुटला. मुलीला वाटलं, बाबा आपल्यालाच म्हणतोय.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर एखादी काचपेटी पडून असेल तर तिला खाली उतरवा. जुना लगदा पुरता खरवडा, जीव तुटला तरी खरवडा, नाहीतर तिच्यात पाणी टिकत नाही. आणि मासे कधी रिकाम्या कोपऱ्यात गोळा झाले, तर त्यांना हुसकावू नका. तिथेच चिमूटभर खाणं टाका.