संध्याकाळची उंची

"नाही," बाई फोनवर म्हणाल्या आणि फवारणीवाल्याचं पुढचं बोलणं ऐकायच्या आत त्यांनी दुसरा फोन उचलला.

आभाळाची वाटणी त्यांच्याकडे होती. खालचा पट्टा फवारणीच्या विमानाचा, मधला बिनइंजिनाच्या ग्लायडरांचा, वरचा लष्कराच्या सरावाचा. आणि रुग्णाला नेणारं हेलिकॉप्टर निघालं की सगळंच त्याचं. भिंतीवरच्या पाटीवर रंगीत चुंबक सरकवत बाई दिवसभर कुणाला तरी अडवत बसत. पाठीमागे सगळे त्यांना 'नाहीबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. नाव काही खोटं नव्हतं.

दुपारी मात्र तो शब्द त्यांना जड गेला. पांढरं ग्लायडर दातवाल्या काकांचं होतं. जन्मभर लोकांचे दात उपटून निवृत्त झालेले काका. नजर अधू झाली म्हणून त्यांचा परवाना आज संपत होता. उद्यापासून एकट्यानं उडणं बंद. ऊन छान तापलं होतं, हवा ग्लायडरला अलगद वर उचलत होती, आणि नेमका हेलिकॉप्टर निघाल्याचा निरोप आला.

"काका, खाली यावं लागेल," बाई रेडिओवर म्हणाल्या. "भाजलेलं लहान मूल आहे."

"मग अजिजीनं काय सांगताय? आलोच."

मूल इस्पितळात सुखरूप पोचल्याचं कळेपर्यंत ऊन उतरलं होतं. ऊन गेलं की हवेचा आधार जातो. दोर बांधून विमानानं जेवढं वर ओढून न्यावं, तेवढंच तरंगत खाली यायचं. मधल्या पट्ट्यातून सोडलं तर काका चहा निवायच्या आत जमिनीवर. त्यांना हवी होती उंची, आणि ती लष्कराची होती.

बाईंनी आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं. सकाळीच ज्यांच्याशी खटका उडाला होता, त्या तळावरच्या साहेबांना त्यांनी फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आज 'नाही' म्हणायची पाळी माझी?"

"हो."

"माझी अक्कलदाढ त्यांनीच काढलीय. तेव्हापासून मी हा असा आहे. घ्या बाई, सात हजार फुटांपर्यंत घ्या. अंधार पडेपर्यंत तुमचं."

फवारणीवाल्याला काही सांगावंच लागलं नाही; काकांचा आज शेवटचा दिवस आहे हे त्यालाही ठाऊक होतं. अर्धं शेत बाकी असताना तो म्हणाला, "बाई, इंजिन जरा तापल्यासारखं वाटतंय. आज उतरतो मी." इंजिनाला काही धाड भरली नव्हती. बाईंनी त्याला काळजी घ्यायला सांगितलं.

मग त्या मदतनिसाला फोनपाशी बसवून सज्जात गेल्या. खाली सावली पसरली होती. फार वर ते पांढरं पातं अजून उन्हात होतं, आवाज न करता वळणं घेत होतं. बाईंना वाटायचं, हे आभाळ आपणच सांभाळतो. पण कुरकुरत, टोमणे मारत का होईना, रोज बाजूला होणारे तर हेच लोक होते. त्यांनी ऐकलं नसतं, तर आपल्या 'नाही'ला कोण विचारत होतं?

उजेड विझता विझता ग्लायडर टेकलं.

"नाहीबाई," रेडिओवर काका पहिल्यांदाच तोंडावर म्हणाले, "जागा मोकळी केली."

"बरं, काका."

पांढरा चुंबक पाटीच्या सगळ्यात वरच्या ओळीत होता. तो काढताना बाईंना टाचा उंचावाव्या लागल्या.