थोरलीची काजं

धाकटी जाऊ घरात आल्यापासून थोरलीच्या डोक्याला ताप झाला होता. दोघी एकाच खोलीत, भिंतीला लावलेल्या दोन मशीनवर बुरखे शिवत, पण गिऱ्हाईक दारातूनच मान वाकडी करून विचारी, "धाकटी आहे का?" धाकटीनं बुरख्याला कमरेशी आतून नाडी लावायची युक्ती काढली होती. नाडी ओढली की घोळ आवरे, कडेवर मूल घेऊन बसमध्ये चढता येई. बायका खूश. सासूही म्हणे, "हिच्या हातात जादू आहे." मग बारा वर्षं थोरली काय माशा मारत होती? तिचा नुसता जळफळाट होई.

एक गोष्ट मात्र तिची होती. काजं करावीत तर थोरलीनंच, हे अख्ख्या गल्लीला मान्य होतं. धाकटीच्या बुरख्यांची काजंही तीच करून देई, दातओठ खात.

बुरख्यातून अंगाचा घाट दिसता कामा नये, असा धर्म-कचेरीचा नियम होता. तसा बुरखा शिवणाऱ्या बाईचा कामाचा परवाना रद्द. नियम करणाऱ्या बाप्यांना कडेवर मूल घेऊन बसमध्ये कधी चढावं लागलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. कचेरीच्या दाराशी तक्रारपेटी होती, नाव लिहायची गरज नव्हती. एका दुपारी थोरलीनं तीत धाकटीच्या नाडीबद्दल चिठ्ठी टाकली आणि हलक्या मनानं केळी घेऊन घरी आली.

त्याच बुरख्यांवर आपलाही हात फिरलाय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. चौथ्या दिवशी दोघींनाही बोलावणं आलं.

तपासनीस बाईनं टेबलावर बुरखा पसरला. चिठ्ठी त्यालाच टाचलेली होती. नाडी एकदा ओढून पाहून तिनं काजावर बोट ठेवलं.

"शिलाई धाकटीची. पण काजं थोरलीची. माझ्याही बुरख्याला हीच आहेत. जिचा हात लागला तिचा परवाना जाणार. म्हणजे दोघींचा."

परवाना गेला की थोरलीला उरलं काय? चूल आणि सासू.

"काजंही माझीच आहेत," धाकटी म्हणाली. "भाभींचा हातसुद्धा लागलेला नाही."

"करून दाखव."

धाकटीनं सुई ओवली आणि कापडाच्या तुकड्यावर काज केलं. बाईनं दोन्ही काजं शेजारी धरली. थोरलीनंही वाकून पाहिलं. टाका हुबेहूब तोच, फक्त धाकटीचं जास्त सुबक होतं. म्हणजे हिला येत होतं! इतके दिवस मला मान राहावा म्हणून माझ्याकडे देत होती! सुटले, हे थोरलीच्या मनातही आलं नाही; आधी अंगाची आग झाली.

धाकटीचा परवाना रद्द झाला, कायमचा. थोरलीनं तोंड उघडलं नाही.

वाटेत धाकटी म्हणाली, "माझं मशीनही चालवत जा भाभी. बंद राहिलं की जाम होतं."

"काजं कुठं शिकलीस?"

"तुमच्याकडे बघून." दोन पावलं चालून ती म्हणाली, "चिठ्ठीवरचं अक्षर ओळखलं मी. पण दोघींचं बंद होण्यापेक्षा एकीचं चालू राहिलेलं बरं."

थोरलीला वाटलं, हिनं भर रस्त्यात शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान तेवढ्यात तरी ही माझ्यापेक्षा वरचढ ठरली नसती.