येणाऱ्याचं ताट

मार्तानं सकाळपासून अन्नाला हात लावला नव्हता, आणि सुरेखाबाईंचा जीव खाली-वर होत होता. पोलंडची ही पोरगी वर्षभरासाठी इथल्या कॉलेजात शिकायला आलेली, आणि मुकुंदवाडीत त्यांच्याच घरी राहत होती. एरवी ठेचा-भाकरी नाक पुसत पुसत खाणारी आणि वर अजून मागणारी. पण आज चोवीस डिसेंबर. तिकडं तिच्या घरी नाताळचा सण, आणि ही इथं परक्या मुलखात.

"पोरी, दोन घास पोहे तरी खा. घरची लई आठवण येती का?"

"येती. पण त्याच्यामुळं नाय, काकू." मार्ताचं मराठी सुरेखाबाईंच्याच तोंडून उचललेलं होतं. "आज आमच्यात दिवसभर जेवत नाय. पहिली चांदणी दिसली की मगच."

"म्हंजी उपास? मग आधी सांगायचं ना, बाई!"

सुरेखाबाईंना हायसं वाटलं. जन्मभर चतुर्थीला चंद्राची वाट बघितलेली बाई ती. चांदणीचं काय अप्रूप? दोघी स्वयंपाकाला लागल्या. मार्तानं बिटाचं सार केलं. ते बघून सुरेखाबाईंचे यजमान आप्पासाहेब नाक मुरडणार, हे ठरलेलंच होतं. सुरेखाबाईंनी आपली भरली वांगी, भाकरी आणि खीर केली. दिवेलागणीला दोघी गच्चीवर गेल्या, आणि पाण्याच्या टाकीशेजारी मान उंचावून मार्तानं आपली चांदणी शोधली.

खाली येऊन तिनं ताटं घेतली. घरात माणसं तीन, पण तिनं चार मांडली. सुरेखाबाईंनी तिचा हात धरला. "हे गं कुणाचं? आमच्यात गेलेल्या माणसांना असं वेगळं वाढत्यात. सणासुदीला नको, बाई."

"गेलेल्याचं नाय, काकू. येणाऱ्याचं."

सुरेखाबाईंनी मार्ताच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. मार्ता राहत होती ती खोली अतुलची, त्यांच्या एकुलत्या एक लेकाची. दोन वर्षांपूर्वी त्यानं जातीबाहेरच्या अमृताशी कोर्टात लग्न केलं. आप्पासाहेब म्हणाले, हे घर तुला बंद. लेकही बापावर गेलेला, त्यानंही मागं वळून पाहिलं नाही. राहायला परगावी नव्हता, इथंच शहराच्या दुसऱ्या टोकाला, बजाजनगरला. पण घरात त्याचं नाव काढायची चोरी. सुरेखाबाई त्याच्याशी फोनवर लपूनछपून बोलत, पण पोरगं आपल्या हातचं खात नाही, हे दुःख त्यांना रोज ताटावर बसलं की व्हायचं.

आप्पासाहेब हातपाय धुऊन आले. माणूस तापट, पण एक गोष्ट त्यांची गावाला माहीत होती. दारी आलेल्याला ते नाव-गाव नंतर विचारत, जेवला का ते आधी.

"हे चौथं कुणाचं?"

"येणाऱ्याचं, काका," मार्ता म्हणाली. "आज कुणी बी आलं तर त्याला बसवायचं. कोण, कुठला, काय बी विचारायचं नाय."

"झकास!" आप्पासाहेब खूश झाले. "आपल्यासारखंच की. अन् कुणी आलंच नाय तर?"

"मग रिकामं राहतं. आमच्याकडं दरवर्षी रिकामंच राहतं. पण आई मांडती."

सुरेखाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आज त्यांनी ते लपवलं नाही. "मी नाय मांडलं कधी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. तुमच्या भ्यानं."

आप्पासाहेबांनी त्या रिकाम्या ताटाकडं पाहिलं, मग सुरेखाबाईंकडं, आणि पुन्हा ताटाकडं. मार्ताला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. ती ताट उचलायला वाकली.

"राहू दे ते," आप्पासाहेब म्हणाले. मग त्यांनी बायकोला विचारलं, "त्याचा नंबर हाय ना तुझ्याकडं? लाव."

"आत्ता? बजाजनगराहून यायला वेळ लागंल. अन् ही पोरगी सकाळपासून उपाशी."

"थांबते की मी," मार्ता म्हणाली आणि तिनं भाकऱ्यांवर फडकं टाकलं.

सुरेखाबाई चष्मा शोधून नंबर लावू लागल्या. आप्पासाहेब तोवर उठून मांडणीपाशी गेले. लग्न झाल्यापासून त्यांनी स्वयंपाकघरात स्वतःच्या हातानं कधी तांब्याही भरून घेतला नव्हता. त्यांनी आणखी एक ताट काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि चौथ्याच्या शेजारी ठेवलं.

"एका ताटात दोघं जेवतील व्हय?" ते म्हणाले.