पोर्तुगालचा मुकादम

रुपाबाईने लॅपटॉपची काच ओढणीच्या टोकाने पुसली, आणि "बाई, हात लावू नका" असं झेरॉक्सवाल्याने म्हटल्यावर पुन्हा एकदा पुसली. मेडशीच्या त्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. गोविंदसिंगने दुपारपुरतं दुकानच अडवून ठेवलं होतं. त्याने रुपाबाईला आणि तिच्या नवऱ्याला, उदयसिंगला, खुर्च्यांवर बसवलं, त्यांच्या पोराला, करणला, मागे उभं केलं, आणि स्वतः लॅपटॉपच्या पलीकडे, पडद्यावर दिसणार नाही अशा बेताने स्टुलावर टेकला.

"एकदा बोलून दाखवा," तो म्हणाला.

"आमी कामासाठी जाऊन राह्यलो," उदयसिंगने पाठ केलेलं म्हटलं. "पोट्ट्याले मागं कोनापाशी ठेवाव? म्हणून सोबत."

"अन् फुटबॉल?"

"तो शब्दच काढाचा नाही," रुपाबाई म्हणाली. गेला महिनाभर तिने तो घरातही काढला नव्हता.

करण सोळाचा होता. आश्रमशाळेच्या संघातून अकोल्याला खेळताना गोविंदसिंगने त्याला हेरलं, त्याचे व्हिडिओ पोर्तुगालमधल्या एका क्लबला धाडले आणि क्लबने हो म्हटलं. आडवा आला तो नियम. अठराच्या आतल्या पोराला परदेशातल्या क्लबात घेता येत नाही. पोरं उचलून न्यायची आणि चालली नाहीत की तिकडेच सोडून द्यायची, असले धंदे फार झाले म्हणून केलेला, चांगल्या मनाने केलेला नियम. आईबाप स्वतःच्या पोटापाण्यासाठी त्या देशात राहायला गेले आणि त्या जाण्याचा फुटबॉलशी काही संबंध नसला, तरच पोराला तिथे खेळता येतं. मग क्लबनेच आपल्या ओळखीतून या दोघांना तिथल्या फळांच्या शेतावर काम लावून दिलं. संबंध नाही म्हणजे नाही. आता तेवढं फुटबॉल संघटनेतर्फे तिकडून चौकशी करणाऱ्या बाईला पटायचं होतं.

नाही पटलं तर काय, हे तांड्यावर कुणाला सांगावं लागत नव्हतं. दसरा झाला होता. ऊसतोडीच्या टोळ्या भरत होत्या, आणि या खेपेला करणला मागे ठेवणं घराला झेपणार नव्हतं. त्याच्याआधी शाळेचा गोलकीपर होता देवला. एकच हंगाम तोडीला गेला आणि कोयता नडगीवर बसला. आता तो तांड्याच्या पारावर बसून पोरांचा खेळ पाहतो, आणि चेंडू जवळ आला तर हाताने परत फेकतो. करणला पारावरचा देवला दिसला की तो वाट बदलायचा.

पडद्यावर एक गोरी, पिकल्या केसांची बाई आली. शेजारच्या चौकटीत तिचं बोलणं हिंदीत सांगणारा पोरगा होता. बाई हसून बोलत होती. तिने करणला शाळेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, तुला स्वतःला यायचं आहे का, हेही विचारलं. त्याला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो हो म्हणाला. उदयसिंगने आपलं पाठांतर न अडखळता म्हटलं. स्टुलावरच्या गोविंदसिंगने मान डोलावली.

मग बाईने विचारलं, हे काम तुम्हाला कसं मिळालं?

हे उदयसिंगच्या पाठात नव्हतं. त्याने ओठ ओले केले, बायकोकडे पाहिलं. दुभाष्याने प्रश्न पुन्हा सांगितला: हे काम तुम्ही स्वतः शोधलंत की कुणी दिलं?

रुपाबाईला वाटलं, बाईला शंका आहे. काम खरं आहे की हवेतलं, एवढंच ती विचारते आहे. आणि काम खरं कशावरून, हे रुपाबाईला चांगलं ठाऊक होतं. काम कधी कुणी शोधतं का? मुकादम तांड्यावर येतो, जोडी पाहतो, उचल देतो, ट्रक आणतो. माणूस आजारी पडलं तर दवाखान्यात तोच नेतो, कारखान्यावर भांडतोही तोच. तिची बहीण भुरीबाई एकदा मुकादमाशिवाय, आपल्या मनाने वीटभट्टीवर गेली, तर हंगाम सरल्यावर भट्टीवाल्याने तिला ओळखसुद्धा दाखवली नाही. ज्या कामाला मुकादम नाही ते काम खोटं.

"असं काहून म्हणता बाई?" ती पुढे झुकली. "आमचं काम पक्कं हाय. आमाले मुकादम हाय."

"याडी," करण मागून म्हणाला. आईला तो याडी म्हणायचा. "याडी, राहू दे."

"काहून राहू दे? त्याहीले समजू दे ना." आणि तिने दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलून फिरवला. "हे पाहा. हे आमचे मुकादम. ह्याहीनंच काम देल्लं."

गोविंदसिंग उठायला गेला, पण मागे सरकायला जागा नव्हती, भिंत होती. अंगात त्याने क्लबचं निळं जाकीट घातलं होतं, छातीवर क्लबचं बोधचिन्ह असलेलं. ते त्याला क्लबने पाठवलेलं, आणि तो ते उन्हाळ्यातही घालायचा.

बाईने ते बोधचिन्ह पाहिलं. तिने काहीतरी लिहून घेतलं. मग लॅपटॉप पुन्हा वळवायला सांगितलं आणि आधीसारखंच, अगदी मायेने, म्हणाली की काळजी करू नका, आम्ही जे ठरवू ते तुमच्या मुलाच्या भल्याचंच असेल. दुभाष्याने ते हिंदीत सांगितल्यावर रुपाबाईने हात जोडले.

करण गोविंदसिंगच्या मागे रस्त्यावर आला. गोविंदसिंगने मोटारसायकलला किक मारली, ती लागली नाही, पुन्हा मारली.

"तुह्या मायनं वाटोळं केलं रे," तो म्हणाला. "एवढं जमवलं, अन् एका दमात…"

"तिले बोलू नका."

"न बोलून काय होते आता?"

"काहीच नाही होत," करण म्हणाला. "तरी बोलू नका."

आत रुपाबाई चहा पीत होती आणि झेरॉक्सवाल्याला सांगत होती की बाई मोठी चांगली होती.

नकार दिवाळीच्या आधी आला. गोविंदसिंगने तो करणला फोनवर सांगितला, आणि त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. रुपाबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत होती.

"काय म्हणतात?"

"नाही म्हणतात."

"काहून?"

करणने बूट काढले, एकमेकांवर आपटून माती झाडली, आणि मगच म्हणाला, "माहाच खेळ कमी पडला."

रुपाबाईचा हात थांबला. मग तिचा संताप झाला. खरा, मोठ्याने झालेला संताप, शेजारच्या दोन घरांना ऐकू गेलेला. आम्ही दोघं अडाणी माणसं तिथं जाऊन एवढं बोललो, आणि तुला एक चेंडू धड मारता येत नाही. सकाळी उठायचा कंटाळा करतोस, मी रोज पाहते. उदयसिंग बाजेवर बसून जमिनीकडे पाहत होता. त्याला काय कळलं होतं कुणास ठाऊक. करणने सगळं ऐकून घेतलं आणि आईच्या समोर बसून शेंगा सोलायला लागला.

दिवाळी उरकल्यावर ट्रक आला. मुकादम जगदेव खाली उतरला, त्याने भांडीकुंडी, शेळ्या, माणसं पाहिली, आणि करणच्या खांद्यावर थाप मारली.

"चांगला भरला की पोट्टा," तो उदयसिंगला म्हणाला. "याचा अर्धा कोयता धरतो. तुमची जोडी एक, अन् हा अर्धा. दीड."

मेहकरच्या पुढे रस्ता खराब होता. ट्रकमध्ये सगळी एकमेकांवर कलंडत होती. रुपाबाईचा राग केव्हाच ओसरला होता. तिने आपली अर्धी गोधडी करणच्या पायांवर टाकली आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"तू खेळ नीट कर. बोलाचं माह्यावर सोड," ती म्हणाली. "मी तो शब्द तरी काढला का तोंडातून? पुढच्या बारीले तर मी आपल्या मुकादमाचं नाव, गाव, सारं सांगीन त्याहीले. मंग कशा नाही म्हणतात पाहू."

"हो, याडी," करण म्हणाला, आणि गोधडी तिच्या बाजूला सरकवली.